उकिरड्याचे पांग कधी फिटणार?

वेळवंडी नदीवर बांधलेले भाटघरचे धरण भोर तालुक्यात आहे. त्याच्या पाण्याचा उपभोग मात्र मुख्यतः खाली, नीरेच्या दोन कालव्यांच्या काठी घेतला जातो. १९२८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या धरणात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते आणि त्याच्या प्रत्येक आवर्तनाची नोंद सरकारी वहीत होते. किती पाणी सोडले, किती पोहोचले आणि वाटेत किती मुरले यावरून सभा भरतात, मोर्चे निघतात, प्रसंगी तालुक्या-तालुक्यांत भांडणे होतात. पाणी ही मोलाची वस्तू असल्यामुळे हे सारे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु उसाच्या मोळीबरोबर, धान्याच्या पोत्याबरोबर आणि पाल्याच्या भाऱ्याबरोबर शेतातून जी सुपीकता बाहेर पडते, तिचा जमाखर्च ठेवणारी वही मात्र कोणत्याही खात्याच्या कपाटात सापडावयाची नाही. पाण्याचा थेंब मोजणारे आपण मातीच्या बाबतीत इतके उधळे का, हा प्रश्न यानिमित्ताने विचारण्यासारखा आहे.

भाटघरच्या पाण्यावर पोसलेल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उसाच्या जोडीला आता तुतीचे मळे दिसू लागले आहेत. मराठवाड्यात तर रेशीमशेतीने चांगलेच मूळ धरले असून २०१८ साली जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून तेथील शेतकऱ्याला कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरची वाट धरण्याची निकड उरलेली नाही. कोषाला काय भाव फुटला हे गावोगाव चर्चिले जाते. कोष काढून घेतल्यावर संगोपनगृहात जे मागे उरते, त्याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. अळ्यांची विष्ठा, अर्धवट खाल्लेला पाला आणि सोललेल्या फांद्या यांचा तो ढीग बांधावर टाकला जातो, पावसात भिजतो, उन्हात वाळतो आणि काही वेळा काडी लावून पेटवूनही दिला जातो. ज्या राज्यात सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर कापूस पेरला जातो आणि ज्याच्या कापसाचे हेक्टरी उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी भरते, त्या राज्याने असा ढीग पेटवून द्यावा हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

या ढिगात असते तरी काय? शंभर अंडीपुंजांतून चाळीस ते पन्नास हजार अळ्या निघतात आणि कोष विणण्यापूर्वी त्या नऊ-दहा क्विंटल पाला फस्त करतात. यातील चार-पंचमांशांहून अधिक पाला शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत आठवडाभरात खाल्ला जातो. खाल्लेल्या पाल्यापैकी निम्म्याहून कमी भागच अळीच्या अंगी लागतो. बाकीचा विष्ठेवाटे बाहेर पडतो. तुतीचा पाला प्रथिनांनी समृद्ध असल्यामुळे ही विष्ठाही नत्राने समृद्ध असते. सुकलेल्या विष्ठेत नत्राचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या घरात जाते. आपल्या नेहमीच्या शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. एक हेक्टर तुतीवर वर्षभर अळ्या पोसल्या, तर एकूण बारा ते पंधरा टन कचरा निघतो आणि त्यात २८० ते ३०० किलो नत्र, ९० ते १०० किलो स्फुरद आणि १५० ते २०० किलो पालाश असतो, असा सर्वसाधारण हिशेब मांडला जातो. एकराच्या भाषेत बोलावयाचे तर पाच-सहा टन कचरा आणि त्यात सव्वाशे किलोच्या आतबाहेर नत्र.

हा आकडा कपाशीच्या गरजेशेजारी ठेवून पाहावा. कोरडवाहू संकरित कपाशीला हेक्टरी सुमारे १२० किलो नत्र द्यावे अशी शिफारस आपल्याकडे केली जाते. म्हणजे एक एकर तुतीच्या कचऱ्यात, निदान कागदावर, अडीच एकर कपाशीच्या नत्राची सोय आहे. कागदावर असे मुद्दाम म्हटले, कारण उघड्या ढिगातील बराचसा नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातो, काही पावसाबरोबर वाहून जातो आणि जे उरते त्यातलेही सर्व पहिल्याच वर्षी पिकाच्या हाती लागत नाही. सेंद्रिय खत हे ठेवीसारखे असते. त्याचे व्याज हप्त्याहप्त्याने मिळते. म्हणून या खताने युरियाचे पोते उद्याच हद्दपार होईल असे सांगणारा मनुष्य शेतकऱ्याची दिशाभूल करतो. परंतु त्या पोत्यांतील काही पोती वाचतील, पालाशासारख्या जवळजवळ संपूर्णपणे परदेशातून येणाऱ्या खताची थोडी बचत होईल आणि मातीला जो कर्ब युरिया कधीच देऊ शकत नाही तो मिळेल, एवढे म्हणण्यास अडचण नसावी.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल, आणि तो रास्त आहे. जे तुतीच्या मळ्यातून आले ते तुतीच्या मळ्यातच का परत जाऊ नये? बागायती तुतीला हेक्टरी ३५० किलो नत्र आणि वीस टन शेणखत लागते. एवढ्या खादाड पिकाच्या तोंडचा घास काढून तो कपाशीला का द्यावा? याचे उत्तर रेशीमकिड्याच्या रोगांत आहे. १८६५ साली लुई पाश्चर फ्रान्समधील आले या गावी रेशीम उद्योगावर कोसळलेल्या पेब्रीनच्या साथीचा अभ्यास करण्यासाठी गेला. हा रोग अंड्यांतून पुढच्या पिढीकडे जातो, तसाच तो रोगट अळ्यांच्या विष्ठेने माखलेल्या पाल्यातूनही पसरतो, असे त्याने दाखवून दिले. ग्रासरी, फ्लॅचरी, मस्करडाईन या रोगांचे जंतूही अळ्यांच्या बिछान्यात आणि कचऱ्यात दबा धरून बसतात. असा कच्चा कचरा तुतीच्या बुंध्याशी टाकणे म्हणजे पुढच्या पिकाच्या ताटात मागच्या पिकाचा रोग वाढून ठेवणे होय. नीट कुजलेले, आतून तापून निघालेले खत तुतीला जरूर द्यावे. परंतु ज्या खेपेस रोगाचा संशय आला असेल, त्या खेपेतील रोगट अळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि त्या खेपेचा उरलेला कचरा, कुजवल्यानंतरही, तुतीच्या वाऱ्यालासुद्धा उभा करू नये. कपाशी, अंबाडी यांसारख्या पिकांना या रोगांशी काही देणेघेणे नाही. त्यांच्या पानांवर रेशीमअळी चरत नाही. तुतीला जो कचरा धोक्याचा, तो धाग्याच्या पिकाला निर्धोक, अशी ही निसर्गानेच करून ठेवलेली वाटणी आहे. आपण तिचा फायदा घेत नाही इतकेच.

कपाशीच्या बाजूनेही या सोयरिकीत एक मोठी सोय आहे. वेचणी संपल्यावर शेतात उरणाऱ्या पऱ्हाट्यांचे काय करावे, हा विदर्भ-मराठवाड्याचा जुना प्रश्न आहे. त्या जाळल्या तर कर्ब धुरात जातो. तशाच उभ्या ठेवल्या किंवा बांधावर रचल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकाचे जे हाल केले ते अद्याप विस्मरणात गेलेले नाहीत. पऱ्हाटी कुजवावी म्हटले तर ती लवकर कुजत नाही, कारण तिच्यात कर्ब फार आणि नत्र थोडा. उलट रेशीमकिड्यांच्या विष्ठेत नत्र भरपूर. ती एकटीच ढिगात घातली तर ढीग तापतो, त्याला उग्र वास सुटतो आणि नत्र उडून जातो. एकाकडे जे उणे ते दुसऱ्याकडे अधिक. बारीक केलेल्या पऱ्हाट्यांचा थर आणि त्यावर विष्ठेचा थर अशी भरणी केली, थोडी माती व पुरेसा ओलावा दिला, तर दोन निरुपयोगी वस्तूंतून एक उपयोगी वस्तू तयार होते. पूर्वी हे विरजण शेणाचे असे. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, गोठे ओस पडले आणि शेण विकत घेण्याची पाळी आली. अशा वेळी हे नवे विरजण दारात आले असता ते लोटून देणे परवडणारे नाही.

हे शास्त्र काही आज परदेशातून आयात करावयाचे आहे असेही नाही. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने शेतातील काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. दोघांनी मिळून लिहिलेला या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. या संस्थेला पैशाचे पाठबळ होते ते भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे. म्हणजे कापसाच्या पैशातून खताचे शास्त्र जन्मले. कठीण पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेण्याची साधी युक्तीही त्यांनी वापरली होती. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या, हवेसाठी भोके ठेवलेल्या, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाक्याची पद्धत रूढ केली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. तीन-चार महिन्यांत या टाक्यात थोड्या शेणावर भरपूर काडीकचरा कुजतो. पुसद हा कापसाचा मुलूख. ज्या मातीत ही पद्धत निघाली, तिच्याच शेजारच्या जिल्ह्यांत आज रेशीमकिड्यांचा कचरा बांधावर पडून राहावा, याला काय म्हणावे?

चीनच्या हूचौ भागातील शेतकऱ्यांनी ही बेरीज फार पूर्वीच केली. तळ्याच्या बांधावर तुती, तुतीवर रेशीमकिडे, किड्यांची विष्ठा तळ्यातील माशांना आणि तळ्याचा गाळ पुन्हा तुतीच्या मुळाशी, असे ते चक्र आहे; संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जगाच्या कृषिवारशात त्याची नोंद केली आहे. आपल्याकडे धरणांतील गाळ काढून शेतात पसरण्याची योजना राज्य सरकारने २०१७ साली हाती घेतली, ती याच विचाराच्या जवळची होय. वाहून गेलेली माती परत आणणे जर योग्य असेल, तर हाताशी असलेली सुपीकता वाहू न देणे त्याहून योग्य आणि कितीतरी स्वस्त आहे.

आता पुन्हा भाटघरकडे वळू. धरणाच्या वरच्या अंगाला, भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या डोंगराळ भागात, पाऊस इतका कोसळतो की उताराची माती धुपून तांबडी, आम्लधर्मी आणि भुकेली राहते. भात आणि नाचणी ही तेथील मुख्य पिके. ताग आणि अंबाडी यांचा वाख काढून दावी, कासरे आणि चऱ्हाटे घरीच वळण्याची रीत मावळातही होती. नायलॉनच्या दोरीने ती मोडीत काढली. आज प्लॅस्टिकला पर्याय म्हणून नैसर्गिक धाग्याचे गोडवे पुन्हा गायले जात असताना या पिकांचा विचार करावयास हरकत नाही. मात्र येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ताग हे द्विदल पीक आहे. ते आपला नत्र हवेतून स्वतःच मिळवते, त्याला या खताची गरज बेताची. गरज आहे ती अंबाडीला. दुसरी गोष्ट अशी की पश्चिमेकडील धो-धो पावसाची आणि दमट हवेची गावे रेशीमअळीला मानवणारी नाहीत. दमट हवेत मस्करडाईनसारखे रोग बळावतात. भोरच्या पूर्वेकडील, पाऊस ओसरणाऱ्या गावांत, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत हा उद्योग करून पाहता येईल.

मावळाच्या मातीला या कचऱ्याचा आणखी एक लाभ आहे. रोगप्रतिबंधासाठी अळ्यांच्या बिछान्यावर चुन्याची निवळ पूड वारंवार धुरळली जाते आणि ती कचऱ्यात उतरते. मराठवाड्याच्या काळ्या, आधीच चुनखडीयुक्त जमिनीत हा चुना उपयोगाचा नाही. तेथे चुना कमी असलेला कचरा निवडून, नीट कुजवून, बेतानेच घातला पाहिजे. मावळाच्या आम्लधर्मी मातीला मात्र तो औषधासारखा आहे. एकाच खताचा गुण जमिनीप्रमाणे बदलतो. म्हणूनच मुंबईत बसून साऱ्या राज्यासाठी एकच परिपत्रक काढण्याची आपल्या प्रशासनाची आवड येथे कामाची नाही. तसेच बारामतीचा कचरा ट्रकमध्ये घालून जालन्याला किंवा भोरला नेणे हाही वेडेपणाच ठरेल. खत जितके जड तितके ते जवळचे असावे. आपल्या घाटमाथ्यावर आणि देशावर धनगराच्या मेंढ्या शेतात बसविण्याची पद्धत टिकली ती याच हिशेबाने. तेथे लेंडीखत वाहून न्यावे लागत नाही, ते आपल्या पायांनी शेतात येते.

जवळिकीचा हा मुद्दा दुसऱ्या एका कारणानेही महत्त्वाचा आहे. मराठवाड्यात तुतीचा मळा आणि कपाशीचे शेत पुष्कळदा बांधाला बांध लावून असतात. कपाशीवर फवारलेले कीटकनाशक वाऱ्याबरोबर तुतीच्या पाल्यावर उतरते, तो पाला अळ्यांपुढे पडतो आणि तीन आठवड्यांची मेहनत एका रात्रीत मातीत मिळते. त्यातून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर उभे राहते. कपाशीवाल्यालाही दोष देता येत नाही. त्याला बोंडअळीपासून पीक वाचवावयाचे असते. हे भांडण तलाठ्याच्या किंवा पोलिसांच्या दारात सुटणारे नव्हे. परंतु तुतीवाल्याच्या कचऱ्यात कपाशीवाल्याचा स्वार्थ निर्माण झाला, तर चित्र पालटू शकते. वर्षाकाठी दोन-तीन गाड्या खत शेजाऱ्याने घ्यावे आणि बदल्यात फवारणीचा दिवस दोन दिवस आधी सांगावा, वाऱ्याची दिशा पाहून फवारावे, बांधालगतच्या चार ओळी सोडाव्यात, असा करार गावपातळीवर होणे अशक्य नाही. बलुत्याच्या व्यवस्थेत पुष्कळ दोष होते. परंतु एकाच्या उरल्यासुरल्याचा दुसऱ्याला उपयोग व्हावा, ही तिच्यातील व्यवहारी समज मोडीत काढण्याचे कारण नव्हते.

वेळेचे गणितही जमणारे आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत घेतलेल्या पिकांचा कचरा उन्हाळ्याच्या अखेरीस कुजून तयार होतो आणि कपाशीची लावण मृगाच्या पावसावर असते. कडक उन्हाळ्यात अनेक ठिकाणी रेशीमअळ्यांचे संगोपन तसेही थांबवावे लागते; तेवढे हात खत उपसण्यास आणि पसरण्यास मोकळे असतात.

मग अडते कोठे? अडते ते आपल्या योजनांच्या चौकटीत. रोजगार हमीतून तुतीची लागवड करता येते, संगोपनगृहासाठीही साहाय्य मिळते. त्याच योजनेतून खताची टाकीही बांधता येते. पण ही दोन कामे दोन वेगळ्या अर्जांवर, दोन वेगळ्या टेबलांवर फिरतात. संगोपनगृहाच्या आराखड्यातच खताचे टाके दाखवावे आणि टाके बांधल्याशिवाय इमारतीचा अखेरचा हप्ता देऊ नये, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ होईल. राज्याचे रेशीम संचालनालय नागपुरात आहे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही १९७६ पासून नागपुरातच आहे. या दोन कार्यालयांनी परभणी, अकोला व राहुरी येथील कृषी विद्यापीठांना बरोबर घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत शेतकऱ्याच्या शेतावर चाचण्या घ्याव्यात. कोणत्या जमिनीत किती टन, किती कुजवून आणि किती युरिया कमी करून द्यावे, याचे उत्तर साध्या मराठीत छापावे. ज्या शाळांना शेतीची थोडीबहुत जमीन आहे, तेथील शिक्षकांनीही दोन वाफे आखावेत, एकाला हे खत द्यावे, दुसऱ्याला देऊ नये आणि मुलांना बोंडे मोजावयास लावावीत. पाठ्यपुस्तकातील नत्रचक्र फळ्यावर काढलेल्या बाणांपेक्षा तेथे अधिक चांगले समजेल.

सेंद्रिय शेतीच्या नावाने आपल्याकडे घोषणा पुष्कळ झाल्या. त्यांत भाबडेपणाही बराच मिसळला आणि व्यापारही. ज्यांना बाटलीतून विकत मिळणारे ‘सेंद्रिय’ टॉनिक हवे आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. येथे विकत घ्यावयाचे काहीच नाही. म्हणून कदाचित त्याचा प्रचारही कोणी करीत नाही. ज्या वस्तूवर कोणाला दलाली मिळत नाही, तिची जाहिरात कोण करणार? अशा वस्तूंची बाजू सरकारने आणि समाजाने घ्यावयाची असते.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. रेशीमशेतीने मराठवाड्यात जम बसवून आता बारा वर्षांहून अधिक काळ लोटला. कोषाला बाजार मिळाला, धाग्याला गिऱ्हाईक मिळाले. संगोपनगृहामागच्या उकिरड्याची पाळी अजून यावयाची आहे. धरणातले पाणी मोजण्यास आपण शंभर वर्षांपूर्वी शिकलो. मातीचे देणे मोजण्यास आणखी शंभर वर्षे लावण्याइतका वेळ आता मातीकडेही उरलेला नाही आणि तिच्यावर राबणाऱ्या शेतकऱ्याकडेही.